न संपणाऱ्या रोगांचा पाठ

दुखण्याच्या ढोबळमानाने दोन जाती सांगता येतील. एक दुखणे पाहुण्यासारखे येते. गोवर, हगवण, हिवताप ही त्यातली. चार दिवस साऱ्या घराला वेठीस धरतात आणि औषधपाणी नीट झाले तर निघून जातात. दुसरे दुखणे घरजावयासारखे असते. ते घरात केव्हा शिरले हे कोणाला कळत नाही, आणि एकदा आले की ते परत जाण्यासाठी आलेले नसते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग, दमा ही या दुसऱ्या जातीची दुखणी होत. पहिल्या जातीच्या दुखण्याशी झुंज द्यावयाची असते. दुसऱ्या जातीच्या दुखण्याबरोबर शहाणपणाने नांदावयाचे असते. हे नांदणे लोकांना शिकवावयाचे कोणी, आणि शिकविणाऱ्यांना शिकवावयाचे कसे, या प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. माझ्या नोकरीची काही वर्षे याच कामाची जुळवाजुळव करण्यात गेली आहेत.

प्रथम प्रश्नाचा व्याप पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीच्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ५० लाख आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात. तेथे दर शंभर प्रौढांमागे २६ हून अधिक लोकांना हा रोग होता. हे शहरातल्या सुखवस्तू माणसांचे रोग आहेत, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवस होती. डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणाऱ्या बाईला कसला आला आहे रक्तदाब, असे मीही एके काळी म्हणत असे. आता तसे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

या रोग्यांना डॉक्टर किती वेळ भेटतो? महिन्यातून एकदा, आणि तोही फार तर दहा मिनिटे. महिन्याचे तास होतात ७२०. त्यांतली ही दहा मिनिटे सोडली, तर उरलेल्या सर्व वेळात काय खावे, गोळी घ्यावी की न घ्यावी, चालावे की बसून राहावे, तंबाखूची चिमूट तोंडात टाकावी की टाकू नये, याचा निर्णय रोगी स्वतःच करीत असतो. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्या चारांत त्याने प्राधान्य दिले ते वैद्याला, आणि तीव्र आजारात ते सर्वस्वी योग्यच आहे. परंतु वीस-वीस वर्षे सोबत करणाऱ्या रोगात चौथा पाद, म्हणजे रोगी स्वतः, हाच गाड्याचा मुख्य भार वाहतो. आणि त्याला तो भार पेलण्याइतके शहाणे करणे हे काम आरोग्यशिक्षकाचे आहे.

आरोग्यशिक्षक म्हटले की फळ्यापुढे उभा राहून व्याख्यान देणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे काम करणारी माणसे वेगळी आहेत. उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक, रुग्णालयातील समुपदेशक, आणि सर्वांत अधिक संख्येने, गावोगावच्या आशा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना सुरू झाली आणि आज देशभर सुमारे दहा लाख आशा काम करीत आहेत. ही बाई त्याच गावची असते, तिला ठराविक वेतन नसते, कामागणिक मोबदला असतो. आणि गावाचा तिच्यावर जो विश्वास असतो, तीच तिची खरी पूंजी होय.

या माणसांना आजवर आपण जे शिकविले, त्याचा एक क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. देवीच्या रोगाविरुद्धचा संदेश होता: लस टोचून घ्या. काम एका दिवसात संपे. त्या बळावर १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी दिसला नाही. पोलिओचा संदेश होता: बाळाला थेंब पाजा, आणि पुढच्या फेरीला पुन्हा पाजा. २०११ च्या जानेवारीनंतर नैसर्गिक विषाणूमुळे होणारा तो रोगही येथे आढळला नाही. क्षयरोगात संदेश अधिक लांबला; साध्या क्षयालाही सहा महिने औषध चालू ठेवा, असे सांगावे लागले. कुष्ठरोगात सहा महिने किंवा वर्षभर. आणि आता उच्च रक्तदाबाचा संदेश पाहा: बरे वाटत असले तरी, काहीही दुखत नसले तरी, बहुधा जन्मभर गोळी घ्या. पहिल्या संदेशापासून या शेवटच्या संदेशापर्यंत किती अंतर पडले! ज्या पद्धतीने आपण लस टोचावयास शिकविले, त्याच पद्धतीने हा संदेश द्यावयास शिकवू पाहिले, तर ते पालथ्या घड्यावर पाणी ठरते.

मधुमेह, कर्करोग, हृद्रोग आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली १०० जिल्ह्यांत सुरू झाला. पुढे त्यात घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाची नोंद घेण्याचे काम आले. आशेच्या हाती एक तपासणीपत्रक असते. त्यात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आईवडील-भावंडांचे आजार यांना गुण दिलेले असतात. बेरीज चाराच्या वर गेली, तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवावयाचे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की गुण लागू होतात. पत्रक सोपे आहे. परंतु परक्या पुरुषाच्या कमरेला फीत लावावयाची कशी, सासूसमोर सुनेला मशेरीबद्दल विचारावयाचे कसे, दारू पिणाऱ्याला तो चिडणार नाही अशा रीतीने प्रश्न करावयाचा कसा, हे त्या पत्रकात लिहिलेले नसते. ते शिबिरात शिकवावे लागते, आणि व्याख्यानाने ते शिकविता येत नाही.

साध्या रक्तदाब मोजण्याचेच उदाहरण घ्या. रोग्याला आधी पाच मिनिटे शांत बसवावे. पाठीला टेका असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, पायावर पाय नसावा. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि पट्टी सदऱ्याच्या बाहीवर न गुंडाळता उघड्या दंडावर बांधावी. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. मोजताना रोग्याने बोलू नये, आणि मोजणाऱ्यानेही त्याला बोलते करू नये. यांतली एकेक गोष्ट चुकली तरी आकडा चुकू शकतो. आता आपल्या गावातली रीत अशी, की दंडाला पट्टी बांधता बांधता, ‘काय मामा, पाऊसपाणी कसे आहे?’ असे विचारल्यावाचून आपले माणुसकीचे समाधान होत नाही. हा आपलेपणा पट्टी सोडल्यानंतर दाखवावा, एवढे एक वाक्य अंगवळणी पाडण्यासाठी प्रत्येक शिक्षणार्थी बाईने शिबिरात दहा-वीस जणांचा रक्तदाब स्वतः मोजावा लागतो. चाळीस बायका आणि मोजण्याची दोनच यंत्रे असतील, तर हे होणे नाही. म्हणून शिबिराच्या आमंत्रणपत्रिकेपेक्षा यंत्रांची मोजदाद आधी झाली पाहिजे.

आता प्रशिक्षणाची रचना पाहू. ती आपल्या जुन्या घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी असते. राष्ट्रीय पातळीवर काही थोडे प्रशिक्षक तयार होतात, ते राज्याच्या प्रशिक्षकांना शिकवितात, राज्याचे जिल्ह्याच्या, आणि जिल्ह्याचे प्रशिक्षक तालुक्याच्या ठिकाणी आशांना शिकवितात. या रोगांसाठी आशांचे शिबिर पाच दिवसांचे ठरविलेले आहे. दहा लाख माणसांपर्यंत पोहोचण्यास दुसरा मार्ग नाही, हे खरे. परंतु प्रत्येक मडक्यातून थोडे पाणी झिरपते. वर सांगितलेले खाली येईपर्यंत भाषाही बदलते. दिल्लीहून आलेल्या पुस्तिकेचे मराठी भाषांतर होते. त्यात ‘उच्च रक्तदाब’ असतो, गावात मात्र ‘बीपी’ असते. ‘मला बीपी आहे’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे, आणि ‘बीपी गेले’ म्हणजे रोग बरा झाला, असा गावचा अर्थ. हा अर्थ शिबिरात उघड बोलून दुरुस्त केला नाही, तर पुस्तिकेतले शुद्ध मराठी जागच्या जागी राहते. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा भामरागडात माडिया बोलणाऱ्या घरी तर आणखी एक पायरी उतरावी लागते.

समन्वय हा शब्द आमच्या कचेऱ्यांत फार सैलपणे वापरला जातो. दोन टिपणे एका नस्तीत लावली की समन्वय झाला, असे आम्ही समजतो. माझ्याकडे हे काम आले तेव्हा मी पहिले काम केले ते एका महिन्याचे कोष्टक मांडण्याचे. लसीकरण, क्षयरोग, माता-बालसंगोपन, कुष्ठरोग आणि हे नवे कार्यक्रम, अशा निरनिराळ्या शाखांनी त्याच त्या आशांना एकाच महिन्यात बोलाविले होते. त्यातले दोन दिवस तर एकमेकांवर आले होते, आणि महिना होता सोयाबीनच्या काढणीचा. प्रत्येक शाखेचे पत्र आपल्या जागी बिनचूक होते. चूक होती ती ही, की त्या बाईच्या बाजूने ती सर्व पत्रे एकत्र कोणी वाचली नव्हती.

हे कोष्टक सुधारल्याचा मला अभिमान होता. आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण या भाषणाचे खरे कारण तीच आहे.

आमचे एक पाच दिवसांचे शिबिर फार चांगले पार पडले. हजेरी पूर्ण, भोजन वेळेवर, अहवाल सुबक. अखेरच्या दिवशी दुपारी एक तास ठेवला होता, विषय होता ‘उपचारातील सातत्य’. समारोपाला पाहुणे येणार होते, ते लवकर येतो म्हणाले. आणि लांबच्या गावच्या बायकांची शेवटची एसटी चुकू नये हीही काळजी होती. मी तो तास वीस मिनिटांवर आणला. प्रशिक्षकांनी घाईघाईने मुद्दे वाचून दाखविले, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रे वाटली.

पुढे सुमारे वर्षाने दौऱ्यावर असताना एका वाडीत गेलो. ओटीवर साठीच्या आतले एक शेतकरी खाटेवर पडलेले होते. उजवे अंग लुळे झाले होते आणि बोलणे नीट उमटत नव्हते. त्यांच्या पत्नीने जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. ‘आशाताईंनी सांगितलं होतं, गोळी घेतली की बीपी उतरंल. तसंच झालं बघा साहेब. उतरलं. मग कशाला घ्यायची म्हणून थांबवली.’ आशाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. गोळीने रक्तदाब उतरतो, हे शिबिरात पहिल्या दिवशी शिकविले होते. उतरलेला रक्तदाब गोळीमुळेच खाली राहिलेला असतो आणि गोळी थांबली की तो पुन्हा चढतो, हे शेवटच्या दिवशी सांगावयाचे होते. ते वाक्य वीस मिनिटांत कोठेतरी हरवले. त्या माणसाला पक्षाघात झाला तो केवळ तेवढ्याने, असे मी म्हणणार नाही. त्याला इतरही कारणे असतील. परंतु तो तास कापण्याच्या टिपणावर सही माझी होती.

आशाताई मला एवढेच म्हणाल्या, ‘साहेब, हे आधी सांगितलं असतं तर मी रोज विचारलं असतं त्यांना.’ त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

पुढल्या शिबिरापासून आम्ही क्रम उलटा केला. पहिल्या दिवसाचा पहिला तास सातत्याचा. गोळी थांबविली तर काय होते, बरे वाटत असताना माणूस ती का थांबवितो, आणि ती थांबवू नये म्हणून त्याच्याशी काय बोलावे, हे आधी. बाकीचे शरीरशास्त्र मागाहून. शिवाय तो विषय एकदा शिकवून सोडून दिला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रावर आशांची दर महिन्याला बैठक भरते. तीत अर्धा तास याच एका विषयाला राखून ठेवला. एकीने रोगी व्हावयाचे, दुसरीने समजूत घालावयाची, आणि इतरांनी चुका काढावयाच्या. बायकांनी रोग्याचे हट्ट असे हुबेहूब वठविले, की डॉक्टरांनाही त्यातून शिकावे लागले. ‘गोळीची सवय लागते’, ‘किडनी खराब होते’, ‘मी गोड खातच नाही, मला कसली साखर’ हे सारे आक्षेप त्या खेळात आपोआप वर आले आणि प्रत्येकाचे उत्तर साध्या मराठीत तयार झाले.

थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा शिकविण्याचे हे तत्त्व काही माझा शोध नव्हे. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. तेथे अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर अशा ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे काम शिकविले गेले, आणि ते शिकविणे एका शिबिरात संपले नाही. त्या स्त्रिया पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत आणि नवे काही घेऊन परत जात. आशांच्या योजनेतही पहिले २३ दिवसांचे शिक्षण पाच टप्प्यांत वाटलेले होते, त्यामागे हाच विचार होता. जो रोग संपत नाही, त्याचे शिक्षणही एका शिबिरात संपून कसे चालेल?

दुसरी गोष्ट एकवाक्यतेची. आशा सांगते मीठ कमी करा, औषधाच्या दुकानातला मनुष्य म्हणतो गोळी दिवसाआड चालेल, एक डॉक्टर एक गोळी देतो आणि दुसरा ती बदलतो. अशा गोंधळात रोगी आपल्याला सोयीचा असेल तो सल्ला उचलतो. म्हणून आशा, परिचारिका, औषधनिर्माता आणि डॉक्टर यांची शिबिरे वेगवेगळी झाली तरी एक दिवस सर्वांचा एकत्र असावा आणि त्या दिवशी पाच-सहा वाक्ये सर्वांनी मिळून ठरवावीत. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतलेही मीठ धरावयाचे, हे सर्वांच्या तोंडून एकाच शब्दांत निघाले पाहिजे. २०१७ च्या अखेरीस देशातील पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्या उपक्रमाचा कणाच हा होता: सर्वांसाठी एक सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरखालच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग, आणि कोण परत आला नाही याची नोंद.

यातल्या औषधपुरवठ्याचा प्रशिक्षणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. आशेने महिनाभर समजूत घालून एका माणसाला उपकेंद्रावर पाठवावे आणि तेथे गोळ्याच नसाव्यात, असे दोनदा घडले की तिसऱ्या वेळी तो मनुष्य जात नाही, आणि आशाही कोणाला पाठवीत नाही. शिबिराची तारीख ठरविणाऱ्याने भांडारपालाला आधी विचारले पाहिजे. त्याचप्रमाणे बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर राहून उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गाव सोडतानाच त्यांची गोळी तुटते. त्यांच्या गावच्या आशेला गाडी भरण्याआधीच तपासणी आणि पुढच्या औषधांची सोय करावयास शिकविणे, आणि कारखान्याच्या बाजूच्या आरोग्यसेविकेला फडावरच्या खोपटांत जावयास शिकविणे, ही एकाच शिक्षणाची दोन टोके आहेत. मधले जिल्ह्याचे, आणि कधी राज्याचे कुंपण ओलांडणे याचेच नाव समन्वय.

तामिळनाडूने २०२१ च्या ऑगस्टपासून रोग्याच्या दारी औषध पोहोचविण्याची योजना चालविली आहे. तिच्यातही गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडे रक्तदाब आणि साखर तपासण्याचे काम दिले गेले. परराज्यात राहणाऱ्या आपल्या मराठी श्रोत्यांपैकी कोणी हे काम जवळून पाहिले असेल. या बाबतीत प्रत्येक राज्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखे काहीतरी आहे.

शेवटचा प्रश्न मोजमापाचा. आमच्या अहवालात रकाने असतात: शिबिरे किती, उपस्थिती किती, खर्च किती. तीनही रकाने भरलेले असतानाही त्या वाडीतला शेतकरी खाटेवर पडला होता. म्हणून आता मी एक चौथा रकाना पाहतो: या आशेच्या गावात गेल्या वर्षी औषध सुरू केलेल्यांपैकी या महिन्यात गोळ्या न्यावयास किती आले? हा आकडा प्रमाणपत्रावर छापता येत नाही, आणि पुष्कळदा तो आपल्याला खाली पाहावयास लावतो. परंतु प्रशिक्षण झाले की नाही, हे तोच सांगतो.

त्या वाडीत मी पुन्हा गेलो होतो. ते गृहस्थ काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागले होते. आशाताईंनी त्यांच्या घरच्या भिंतीवर दिनदर्शिका लावून दिली होती, आणि ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवसावर त्यांच्या पत्नीने कुंकवाचे बोट टेकविलेले होते. मी ते पान उलटून मागचे महिने पाहिले. एकही दिवस रिकामा नव्हता. ही युक्ती आमच्या कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. पुढच्या मासिक बैठकीत आशाताईंनी ती इतरांना शिकविली, आणि त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून शिकणाऱ्यांपैकी एक होतो.